गार

इडारच्या ओढ्याकाठी, दुकानाच्या मागच्या खोलीत
आल्मुट बापाचे खण उपसते आहे.
एकशे बारा खण, प्रत्येकावर पट्टी,
लोथारच्या तिरक्या, शाई फुटलेल्या अक्षरात:
माडेरा पुष्कराज.
धुरकट पुष्कराज.
जर्मन लापिस.
आणि एका खणावर नुसतंच, रविवारचं निळं.

आल्मुट माइन्झला शिकली.
गळ्यात भिंग, टेबलावर अपवर्तनांक मोजायचं यंत्र,
काचेवर तेलाचा एक थेंब.
खडा ठेवते, एक डोळा मिटते, आकडा वाचते,
एक पूर्णांक पाच चार चार,
आणि नवी पट्टी छापते:
गार.
गार.
गार, रंगवलेली.
आकडा खोटं बोलत नाही.
तसा तो फारसं काही बोलतच नाही.

लोथार खिडकीशी बसून असतो. एक्याऐंशी वर्षांचा.
त्याचा आजोबा पालथा पडून अकीक घासायचा,
लाकडी घोडीवर छाती, पाय मागे खुंटाला रोवलेले,
समोर पाण्यावर फिरणारं, माणसाहून उंच चाक.
त्याच्या फुफ्फुसात शेवटी जे साठलं होतं
त्याचं नाव डॉक्टरांनी अगदी बरोबर लिहिलं.

"सगळ्यांना गार म्हणायचं," लोथार म्हणतो,
"म्हणजे गावात ज्याला त्याला
अहो माणूस, अशी हाक मारायची."
"आणि गारेला पुष्कराज म्हणायचं, ते?"
"ती लग्नघरातली ओळख.
तिथे कुणी मुलीचा रक्तगट सांगत नाही."
तिला हसू येतं.
पट्टी ती छापतेच.

दुपारी खण एकोणसाठ.
पिवळा, तळाशी लालसर, चहात मध सोडल्यासारखा.
हा जांभळा होता, ब्राझीलहून आला तेव्हा,
चुलत्यानं गोणीत भरून बोटीवर चढवलेला.
भट्टीत वाळूखाली पुरून रात्रभर तापवला
आणि सकाळी उकरला.
ती सकाळ तिला आठवते:
वाळू अजून ऊन, बोट घालायला बंदी,
आणि बाप एकेक खडा वर काढून
अंड्यासारखा कानाशी हलवून बघणारा.

जांभळ्याचं नाव अमेथिस्ट, पिवळ्याचं सिट्रीन,
दोन्ही पुस्तकातली, दोन्ही शुद्ध.
आतलं लोह तेच, तेवढंच, होतं तिथेच.
मग रात्री अडीच वाजता, भट्टीत,
त्याला काय म्हणायचं?
यंत्र सांगेल, गार.
पण तेव्हा तिला हात लावून दाखवा.

पाचच्या सुमारास किर्नहून ओटीलिए बाई आल्या.
कोटावरचा ब्रोच काढायला बोटं वळेनात,
आल्मुटनं काढून दिला.
"पुष्कराज. इथूनच घेतलेला, छप्पन साली.
नातीला द्यायचाय, तर एक कागद करून द्या."

भिंग. थेंब. आकडा.
आल्मुट बापाकडे बघत नाही.
"गार आहे. तापवलेली.
मला तेच लिहावं लागेल."

बाईंनी ब्रोच हातमोज्यानं पुसला.
"ठाऊक आहे मला. त्यानंच सांगितलं होतं,
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, स्वयंपाकघरात, मान खाली घालून.
नंतर आम्ही दोघंही त्याला पुष्कराजच म्हणत राहिलो.
तुम्ही लिहा तुमचं.
नात काय म्हणते ते बघू."

त्या गेल्यावर खोलीत बराच वेळ
नुसता छापखान्याएवढा छोटा तो यंत्राचा आवाज,
पट्टीमागून पट्टी.

शेवटचा खण.
निळा, पण लापिसाचा नव्हे, आकाशाचाही नव्हे,
धुतलेल्या पाटीवर ओल राहते, तसा काहीसा.
"रविवारचं निळं म्हणजे?"

लोथार ओढ्याकडे बघत सांगतो,
"त्या रविवारी रंगाचं माप चुकलं.
मग चाळीस वर्षं चुकवून बघितलं."

आल्मुट तेलाची बाटली उघडते.
झाकण बराच वेळ हातात धरून ठेवते.